एक पाकीट, दुहेरी हशील

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतो. यंदा गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आला, तेव्हा तिकडच्या तिकीट-संग्राहकांच्या बाजारातून त्याने माझ्यासाठी एक जुने पाकीट आणले. उजव्या कोपऱ्यात वॉशिंग्टनचे उठावाचे मुखचित्र असून ते तांबड्या रंगात आहे, त्याभोवती तीन सेंट ही किंमत आहे. डावीकडे वरच्या बाजूस ‘पेड’ हा शब्द आणि वेल्स फार्गो कंपनीचे नाव छापलेले आहे, शिवाय निळ्या शाईचा एक लंबगोल शिक्का आहे. पत्ता सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. सरकारी हशील भरलेले असताना खासगी कंपनीने पुन्हा ‘पैसे पोचले’ असे का छापावे? पाकीट कोणत्या सालचे असेल? छायाचित्र सोबत जोडले आहे.
— एक निवृत्त गिरणी लेखापाल, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातला ‘पुन्हा’ हा शब्दच या पाकिटाचे मर्म आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. खासगी कंपनीने पत्र खुशाल न्यावे, पण त्यापायी सरकारचे हशील बुडता कामा नये, अशी त्या काळच्या अमेरिकेतील कायद्याची भूमिका होती. १८४५ च्या कायद्याने सरकारी टपालमार्गांवर खासगी वाहतूकदारांना पत्रे नेण्याची बंदी केली होती. ऑगस्ट १८५२ च्या कायद्याने त्यातून एक वाट काढली. टपालखात्याने तिकीट छापलेली पाकिटे काढावीत आणि अशा पाकिटात बंद केलेले पत्र खासगी वाहतूकदारालाही नेता यावे, कारण त्याचे हशील पाकीट विकत घेतानाच सरकारजमा झालेले असते, असा तो हिशेब होता. ही पाकिटे १८५३ मध्ये निघाली. त्यांच्या छपाईचा ठेका जॉर्ज नेस्बिट यांच्याकडे असल्यामुळे संग्राहक त्यांना आजही नेस्बिट पाकिटे म्हणतात. वेल्स फार्गो कंपनी ती मोठ्या संख्येने विकत घेई, त्यांवर आपले नाव व ‘पेड’ हा शब्द छापून घेई आणि सरकारी हशील व स्वतःचा आकार मिळून होणाऱ्या किमतीला आपल्या कचेऱ्यांतून विकत असे. कंपनीच्या या छापील मजकुराला ‘फ्रँक’ म्हणतात. म्हणजे आपल्या पाकिटाचा उजवा कोपरा ही सरकारची पावती आहे आणि डावा कोपरा ही कंपनीची. आपण हयातभर गिरणीच्या जमाखर्चाची पाने लिहिली आहेत. एकाच कागदावर दोन खात्यांची जमा दिसावी, तसाच हा प्रकार आहे.

आता लोक असे दुप्पट-तिप्पट पैसे का मोजत, हे पाहू. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा येथे सोने सापडले आणि वर्ष-दीड वर्षात जगभरची माणसे त्या डोंगरांत येऊन पडली. ती ज्या ओढ्यांच्या काठी राहत होती तेथे टपालकचेरी नव्हती. पूर्वेकडून पनामामार्गे येणारे टपाल बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला उतरे, आणि बोट लागली की तेथील कचेरीपुढे एवढी लांब रांग लागे की काही लोक रात्रीपासून उभे राहत आणि पहाटे आपली जागा पैसे घेऊन दुसऱ्याला देत. खाणीतला माणूस पत्रासाठी इतक्या दूर जाऊन यायचा म्हणजे कित्येक दिवसांच्या कामावर पाणी सोडायचे. या अडचणीतून हा धंदा उभा राहिला. १८४९ मध्ये अलेक्झांडर टॉड नावाच्या गृहस्थाने खाणकऱ्यांच्या नावांची यादी करायची, ती घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जायचे आणि त्यांची पत्रे आणून द्यायची, असे काम सुरू केले. यादीत नाव घालण्याचा एक डॉलर आणि आणलेल्या प्रत्येक पत्राचे एक औंस सोने, असा त्याचा दर होता. घरचे पत्र यावे म्हणून माणसे महिनोन् महिने वाट पाहत होती, हे ध्यानात घेतले की तो दर देणाऱ्यांना आपण वेडे म्हणू शकत नाही.

‘एक्स्प्रेस’ हा धंदा मात्र त्याआधीचा आहे. विल्यम हार्नडेन याने १८३९ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान, एका हातपिशवीत लोकांची पुडकी, पैसे आणि कागदपत्रे घेऊन स्वतः प्रवास करायला सुरुवात केली. आपल्याकडच्या आंगडियाचेच हे काम, फक्त रेल्वे आणि आगबोट यांच्या आधाराने केलेले. पुढे ॲडम्स, अमेरिकन एक्स्प्रेस (१८५०) आणि हेन्री वेल्स व विल्यम फार्गो यांची १८५२ मधील कंपनी अशा मोठ्या पेढ्या निघाल्या. १८५५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात बँका बुडण्याचे सत्र आले, त्यात ॲडम्सची तेथील पेढी कोसळली. वेल्स फार्गो थोड्याच दिवसांत सावरली आणि पुढची चाळीस वर्षे पश्चिम किनाऱ्यावर सरकारी टपालाशी उघड स्पर्धा करीत राहिली. तिने पत्रांची वाहतूक १८९५ मध्ये थांबवली. आपले चिरंजीव ज्या बँकेच्या पाट्या तेथे रोज पाहत असतील, तिचे हे पूर्वचरित्र आहे.

सालाविषयी सांगायचे, तर या कंपनीच्या लंबगोल शिक्क्यांत त्या काळी गावाचे नाव, महिना आणि दिवस असे, वर्ष बहुधा नसे. म्हणून वर्ष तिकिटाच्या रंगावरून आणि किमतीवरून काढावे लागते. तीन सेंटांचे तांबडे पाकीट १८५३ पासूनचे; १८६१ मध्ये ते गुलाबी झाले; १८७० मध्ये हिरवे आले; आणि १ ऑक्टोबर १८८३ पासून पत्राचा दरच दोन सेंट झाल्यामुळे तीन सेंटांची पाकिटे मागे पडली. आपले पाकीट तांबडे आहे, तेव्हा ते १८५३ ते १८६१ या काळात छापलेले आहे असे समजावे. वापरले थोडे नंतर गेले असणे शक्य आहे. आणखी एक गोष्ट त्या तीन सेंटांतच दडली आहे. १८५५ पासून तीन हजार मैलांपलीकडच्या पत्राला दहा सेंट पडत, आणि अंतर कितीही असो एकच दर ही सोय १८६३ मध्ये झाली. म्हणजे हे पत्र किनाऱ्याच्या परिसरातच लिहिलेले आणि तेथेच पोचलेले आहे. छायाचित्रातील शिक्का मी भिंगातून पाहिला. त्यात नेवाडा सिटी हे नाव वाचता येते. हे सोन्याच्या खाणींतले गाव आहे, आणि डोंगरातून बंदराकडे गेलेले पत्र या अनुमानाशी ते जुळते.

वेल्स फार्गोची तांबडी तीन सेंटी पाकिटे दुर्मिळ नाहीत. ती बऱ्याच संख्येने टिकली आहेत. पॅसिफिक एक्स्प्रेस, लँगटन किंवा ब्रिटिश कोलंबियातील बर्नार्ड यांसारख्या लहान पेढ्यांची पाकिटे संग्राहक अधिक शोधतात. किमतीचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्या पाकिटाच्या कडा शाबूत आहेत, फ्रँक व शिक्का एकमेकांवर आलेले नाहीत, आणि पत्त्याचे अक्षर एखाद्या कसलेल्या कारकुनासारखे वळणदार आहे. पहिले पाकीट याहून चांगले मिळत नसते.

प्रश्न : इंटरनेटवर एक विक्रेता ‘पोनी एक्स्प्रेस’चे मूळ पाकीट तीन हजार रुपयांत देतो आहे. मी महाविद्यालयात शिकतो; साठवलेल्या पैशांतून ते घ्यावे का?
— एक विद्यार्थी, साखर पेठ

उत्तर : घेऊ नका. नकार इतका स्पष्ट का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी निर्णय तुमचा तुम्हालाच करता येईल.

घोडेस्वारांची ही टपालसेवा ३ एप्रिल १८६० रोजी मिसुरीतील सेंट जोसेफ आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो यांच्या दरम्यान सुरू झाली. सुमारे १,९०० मैलांचे अंतर दहा दिवसांत कापायचे, ठरावीक टप्प्यावर घोडा बदलायचा, काही टप्प्यांनंतर स्वारही बदलायचा, पण टपालाचे कातडी खोगीरपांघरूण मात्र तेच पुढे जायचे, अशी तिची रीत होती. अर्ध्या औंसाला सुरुवातीला पाच डॉलर पडत. अखेरच्या महिन्यांत हा दर एक डॉलरवर आला. तुलनेसाठी सांगतो : त्याच काळात आपल्याकडे पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कोठेही जात होते. २४ ऑक्टोबर १८६१ रोजी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत तारायंत्र जोडले गेले आणि ही सेवा त्याच महिन्यात आटोपली. म्हणजे तिचे आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे, दर श्रीमंतांना परवडणारा, म्हणून पत्रे मुळातच थोडी. त्यांतली टिकलेली पाकिटे जगभरात काही शेकड्यांच्या आतच आहेत आणि त्यांतील बहुतेकांची छायाचित्रांसह नोंद झालेली आहे. त्यांतले एक असे आहे की, १८६० मध्ये मूळ रहिवाशांनी लुटलेल्या टपालातून ते परत मिळाले आणि १८६२ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, आणि तसा शेरा त्या पाकिटावरच हाताने लिहिलेला आहे. असा ऐवज तीन हजारांत मिळत नाही.

मग विक्रेत्याकडे आहे ते काय? १९६० मध्ये या सेवेची शताब्दी झाली. अमेरिकी टपालखात्याने तेव्हा घोडेस्वाराचे चित्र असलेले तिकीट व पाकीट काढले, आणि त्या निमित्ताने स्मृतिपाकिटे व नकलाही भरपूर निघाल्या. यातले काही फसवण्यासाठी केलेले नव्हते. हौसेने केलेल्या नकला पुढे कोणीतरी ‘मूळ’ म्हणून विकायला काढतो. अतिनील दिव्याखाली पाकीट धरून पाहा. कागद निळसर-पांढरा झळकला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेले उजाळक द्रव्य आहे. १८६० च्या कागदात ते असू शकत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून शिक्का पाहा. शिक्क्याच्या रेषा बारीक बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या, तर तो शिक्का मारलेला नाही, छायाचित्रावरून छापलेला आहे. रबराचा किंवा धातूचा शिक्का हाताने मारला की एका बाजूला शाई दाट, दुसऱ्या बाजूला फिकी असा फरक राहतोच. शिक्का तिकिटावरून सरळ पाकिटावर उतरला आहे का, हेही पाहावे. जुने तिकीट नंतर आणून चिकटवले असेल तर ती रेषा तिकिटाच्या काठाशी तुटते. आणि रक्कम खरोखर मोठी असेल, तर न्यूयॉर्कच्या फिलॅटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र सोबत असल्याशिवाय व्यवहार करू नये.

हेच तीन हजार रुपये एका चांगल्या भिंगात आणि सुरक्षित आवरणांत घाला; ती साधने जन्मभर पुरतील.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पाकिटांवरील तिकिटे कापून, पाण्यात भिजवून सोडवावीत का?
— एक गृहिणी, नवी पेठ

उत्तर : कृपया अजिबात नाही. शाळकरी वयात मी हेच केले आहे. चाटी गल्लीतल्या एका नातलगांच्या कापडाच्या दुकानात तारेला अडकवलेली जुनी पत्रे होती. त्यांतली पन्नास-साठ तिकिटे मी एका सुट्टीत पाण्याच्या परातीत सोडवली आणि पाकिटे चुलीत गेली. पुढे कळले की ती तिकिटे कोणत्याही दुकानात चार आण्याला मिळत होती, आणि जी पाकिटे जळाली त्यांवर कोणत्या गाडीने, कोणत्या तारखेला, कोणत्या गावाहून माल आणि मागणी येत असे, हे सारे शिक्क्यांनी लिहून ठेवले होते. ते दुकान आज नाही आणि तो तपशील आता कोठेच मिळत नाही.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात जुने कागद कसे टिकवावेत? आमचे घर पत्र्याचे आहे.
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर असतो, आणि पत्र्याखाली त्याहूनही अधिक. कोरड्या उष्णतेने कागद ठिसूळ होतो, घडीवर तुटतो; मग पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो. या दोन टोकांमधला फरक कमी करणे हेच खरे काम आहे. पाकिटे माळ्यावर किंवा पत्र्याला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. घरातील आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर वर असलेल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात ठेवा. प्रत्येक पाकीट पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात घाला. बाजारात मिळणारे मऊ, वासाचे पीव्हीसी आवरण स्वस्त असते, पण काही वर्षांत ते चिकट होते आणि शाई उचलून घेते. टाचणी, रबर, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना कागदाजवळ येऊच देऊ नये. एका जुन्या पाकिटाच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग मी रोज पाहतो. टाचणी काढून तीस वर्षे झाली असतील, पण तिच्या आकाराची तपकिरी रेघ आतल्या पत्राच्या तिन्ही घड्यांतून आरपार उतरली आहे.

आपल्या गावाला लागू असलेली एक गोष्ट वेगळी सांगतो. दप्तरे रुमालात बांधण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे आणि मांजरपाटाचा रुमाल आजही वापरावा. मात्र मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते, आणि खळीचा पिष्टमय अंश कसरीला फार आवडतो. कापड दोन-तीनदा गरम पाण्यातून काढून, खळ पूर्ण गेल्यावर, उन्हात कडकडीत वाळवून मगच वापरावे. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर तो वेगळ्या पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावा. कागदांच्या मध्ये ठेवला की त्याचा डाग पडतो. पाकिटावर नोंद लिहू नये. नोंद वेगळ्या चिठ्ठीवर, मऊ शिसपेन्सिलीने करावी.

प्रश्न : आमच्या पणजोबांची अडत होती. वाड्यातील पेटीत शंभरेक पत्रे सापडली. काही पोस्टकार्डे, काही पाकिटे, मजकूर मोडीत आणि कन्नडात. आपल्याकडेही अमेरिकेसारख्या खासगी टपाल कंपन्या होत्या का? आणि परदेशातील एक संग्राहक ही पत्रे विकत मागतो, ती पाठवावीत का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : अमेरिकेसारखी दुहेरी हशिलाची पाकिटे आपल्याकडे निघाली नाहीत, कारण ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ च्या कायद्यानेच आपल्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे पोचवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. त्याआधी मात्र खासगी टपालाची परंपरा आपल्याकडे चांगलीच जुनी होती. सावकार आणि सराफ यांचे स्वतःचे काशीद असत, आणि पेढीची हुंडी व बातमी बहुधा दरबारी जासुदाच्या आधी पोचे. पानिपतच्या संहाराची बातमी जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना प्रथम समजली ती अशाच एका सावकारी काशिदाजवळच्या पत्रातून, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. तो काशीद आणि टॉडसारखा माणूस यांच्यात काम सारखेच. फरक एवढाच, की काशिदाच्या थैलीवर छापील ‘पेड’ नव्हते, म्हणून संग्राहकाच्या हाती त्याचा पुरावा फार थोडा उरला.

आपल्या पेटीकडे वळतो. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध हिंदुस्थानासाठी एकच तिकिटे आणि अंतर न पाहता वजनावर दर ही व्यवस्था आली. तिकीट छापलेली पाकिटे १८५६ मध्ये आली. पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली, आणि १८७७ मध्ये येथे पहिली सूतगिरणी उभी राहिली. अडत्याची पत्रे नेमकी या बदलांच्या मधली असतात. पोस्टकार्डाच्या पाठीवर रुईचा किंवा ज्वारीचा भाव, गाडीची वेळ आणि हुंडीची मुदत तीन ओळींत कोंबलेली असते, आणि पुढच्या बाजूला इंग्रजी शिक्क्यात ‘शोलापूर’ असे जुने रूप दिसते. कोणतेही पत्र पाकिटातून काढले तर ते त्याच पाकिटाबरोबर ठेवा आणि दोहोंना एकच क्रमांक द्या. मोडी वाचणारे जाणकार थोडे उरले आहेत. त्यांना दाखवण्यापूर्वी प्रत्येक पत्राच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेऊन ठेवा, म्हणजे मूळ कागद हातोहात फिरणार नाही.

परदेशी पाठवण्याची घाई करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे हस्तलिखित, दप्तर किंवा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांहून जुने असेल, तर ते पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली पत्रे त्या व्याख्येत बसतात का, हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी विचारून घ्या. तोपर्यंत त्या संग्राहकाला छायाचित्रे पाठवायला काहीच हरकत नाही. मोडीतील कार्डांपैकी ज्यांवर ‘शोलापूर’चा शिक्का स्वच्छ उमटला आहे, अशा दोन-तीन कार्डांची छायाचित्रे मलाही पाठवावीत, ही विनंती. तारीख आणि भाव वाचता आला, तर पुढच्या अंकात त्यांच्याविषयी लिहीन.